परत येण्याच्या बोलीवर

आमच्याकडे चांदीचं भांडं घेतलं की आधी त्यावर नाव घातलं जायचं. आजीच्या वाटीच्या कडेखाली तिचं सासरचं नाव आणि लग्नाची तारीख आहे. वाटी पुण्यात, बँकेच्या लॉकरमध्ये. मी लंडनमध्ये. आई दर खेपेला विचारते, "कधी नेतेस गं ती?" मी म्हणते, पुढच्या वेळी.

ब्रिटिश म्युझियममध्ये मिल्डेनहॉलच्या रोमन चांदीसमोर उभी राहिले की ती वाटी आठवते. ही भांडी चौथ्या शतकातली. त्यातलं मोठं ताट साठ सेंटिमीटर रुंद आणि सव्वाआठ किलोंचं आहे. मधोमध समुद्रदेव ओशनस, दाढीतून डॉल्फिन डोकावणारा. त्याच्याभोवती जलपऱ्या. बाहेरच्या वर्तुळात मद्याचा देव बॅकस आणि त्याचा नाचता गोतावळा. हर्क्युलिस इतका झिंगलेला की दोघांनी सावरून धरलाय.

याच खजिन्यातल्या तीन चमच्यांवर मात्र ख्रिस्ताच्या नावाची आद्याक्षरं आहेत. मालकाचा धर्म कोणता, हे ताटावरून ठरवता येत नाही. तेव्हा बॅकसच्या गोष्टी सुशिक्षित घरांचा सामायिक वारसा होत्या; पूजा करणाऱ्यांच्या आणि न करणाऱ्यांच्याही. मला अधिक बोलकी वाटतात ती नावं. एका चमच्यावर पास्केंतियाला दीर्घायुष्य चिंतलं आहे, आपण 'चि.' लिहितो तसंच. दोन थाळ्यांच्या मागे ग्रीक अक्षरांत युथेरिओसचं नाव खरवडलेलं आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सफकमध्ये शेत नांगरताना गॉर्डन बुचरला ही भांडी लागली. सिडनी फोर्डबरोबर त्याने ती उकरून काढली, आणि फोर्डने ती घरी नेली. कथलाची वाटली, असं त्याने नंतर सांगितलं. 1946 साली बाब उघड झाली आणि चौकशी बसली. तेव्हाच्या कायद्याचा प्रश्न असा होता: चांदी हरवली होती, की परत येऊन काढण्याच्या इराद्याने पुरली होती? हरवलेली असेल तर राजसत्तेचा हक्क नाही. इरादा परतण्याचा असेल आणि मालक अज्ञात, तर ती राजसत्तेची. निकाल लागला: इरादा परतण्याचा होता. बुचर आणि फोर्डला प्रत्येकी 1000 पौंड मिळाले, चांदी म्युझियमकडे गेली.

पुरणारा परत आलाच नाही. का, ते जमिनीने सांगितलेलं नाही. पण सोळाशे वर्षांनंतरही त्याच्या बाजूने इतकंच सिद्ध करता आलं, की त्याला परत यायचं होतं.

आपल्यापैकी किती जणांचे लॉकर याच इराद्यावर बंद आहेत? या डिसेंबरात मी वाटी घेऊन येणार आहे. रोजच्या दहीभाताला.