एचडीआर पॅनोरमा

एकाच जागेवरून वेगवेगळ्या दिशांना आणि प्रत्येक दिशेला कमी-जास्त एक्सपोजरने घेतलेले फोटो जोडून तयार केलेले विस्तीर्ण छायाचित्र. पॅनोरमामुळे दृश्याची रुंदी वाढते, ब्रॅकेटिंगमुळे, म्हणजे कमी-जास्त एक्सपोजरच्या फोटोंमुळे, गडद सावली आणि प्रखर ऊन या दोन्हींतला तपशील टिकतो.

पूर्वपीठिका : दोन्ही कल्पना जुन्या आहेत. ग्यूस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने 1850च्या दशकात समुद्र व आकाश यांच्या स्वतंत्र निगेटिव्हपासून एकच प्रिंट काढली. फेलिचे बेआतोने 1858 मध्ये लखनौचे विस्तीर्ण दृश्य अनेक प्रिंट जोडून साकारले. पॉल डिबेव्हेक व जितेंद्र मलिक यांनी 1997 मध्ये ब्रॅकेट केलेल्या फोटोंतून दृश्याची मूळ तेजस्विता काढण्याची पद्धत मांडली. फोटोंतले समान बिंदू आपोआप ओळखून पॅनोरमा जोडण्याची पद्धत मॅथ्यू ब्राउन व डेव्हिड लोव यांनी 2003 मध्ये दाखवली.

चित्रण : कॅमेरा ट्रायपॉडवर उभा धरतात. फुल-फ्रेम कॅमेऱ्याला 24 मिमी. लेन्स असल्यास दर 36 अंशांवर थांबून 10 दिशांत पूर्ण वर्तुळ होते आणि शेजारच्या फोटोंत सुमारे एक-तृतीयांश भाग सामाईक राहतो. प्रत्येक दिशेला तीन एक्सपोजर धरल्यास एकूण 30 फोटो होतात. अ‍ॅपर्चर, आयएसओ, फोकस व व्हाइट बॅलन्स कायम ठेवून फक्त शटरचा वेग बदलतात, उदा., 1/15, 1/60 व 1/250 सेकंद. हीच मालिका दहाही दिशांना वापरावी लागते. कॅमेऱ्याच्या ऑटो मोडवर सोडल्यास प्रत्येक दिशेचा उजेड निराळा येतो. जवळच्या वस्तू चौकटीत असतील, तर कॅमेरा लेन्सच्या प्रवेश-छिद्राभोवती फिरवावा लागतो, नाहीतर जोडावर खांब तुटलेले दिसतात.

जोडणी : हगिन या मोफत सॉफ्टवेअरमध्ये किंवा पीटीगुईमध्ये प्रत्येक दिशेचे तीन फोटो आधी एकमेकांवर बसवतात, मग दिशा जोडतात. टोन मॅपिंग, म्हणजे उजेडाचा मोठा पल्ला पडद्यावर किंवा कागदावर मावेल असा आवळणे, सर्वांत शेवटी आणि संपूर्ण चित्रावर करतात. ते दिशागणिक आधीच केल्यास आकाशात पट्टे उमटतात.

उपयोग : वेरूळच्या कैलास लेण्याचे प्रांगण हे या तंत्राच्या गरजेचे उत्तम उदाहरण आहे. तीन बाजूंना कातळाचे कडे, ओसरीत गडद सावली, डोक्यावर चकाकते आकाश. एकाच एक्सपोजरमध्ये एकतर शिल्पपट काळा पडतो किंवा आकाश पांढरे होते.

नंदुरबार तालुक्यातल्या मिरचीच्या पथारीवर अडचण वेगळी असते. उन्हात वाळत घातलेल्या मिरचीचा लाल रंग इतर रंगांआधी कमाल मर्यादा गाठतो आणि पोत नाहीसा होऊन सपाट डाग उरतो. कमी एक्सपोजरच्या फोटोत सालीवरच्या सुरकुत्या टिकतात. पथारीवर कामाला असलेली माणसे मात्र तीन फोटोंच्या दरम्यान हलतात आणि जोडलेल्या चित्रात त्यांच्या दुहेरी छाया उमटतात. अशा ठिकाणी माणसांपुरता एकच फोटो निवडून मास्क लावतात.

जतन : अंतिम चित्रासोबत मूळ रॉ फाइलीही सांभाळून ठेवणे आवश्यक आहे. टोन मॅपिंग हा जोडणाऱ्याचा निर्णय असतो. दृश्यातल्या उजेडाची खरी नोंद मूळ फोटोंतच असते, आणि उद्याच्या अभ्यासकाला तीच लागेल.