ठळक पिक्सेल देवनागरी

चौकोनी ठिपक्यांच्या ठरावीक जाळीत जाड रेघांनी बसवलेले देवनागरी अक्षरवळण. जुन्या संगणकांची व आर्केड खेळांची आठवण देणारे म्हणून ते आज खेळांचे मथळे, भित्तिपत्रके, टी-शर्ट यांवर शोभेसाठी वापरले जाते. ठिपक्यांची अक्षरे रोजच्या गरजेची होतात ती रेल्वेच्या इंडिकेटरवर. तिथे धावत्या प्रवाशाला ती एका नजरेत वाचता यावी लागतात.

रोमन लिपीची मोठी अक्षरे ५ × ७ ठिपक्यांत मावतात. आर्केड खेळांनी ८ × ८ ची चौकट रूढ केली. सुझन केअर यांनी १९८४च्या मॅकिंटॉश संगणकासाठी काढलेल्या ‘शिकागो’ फॉन्टमध्ये ठळकपणा उभ्या रेघांना दिला आहे, त्या दोन ठिपक्यांच्या, तर आडव्या बहुतेक एकाच ठिपक्याच्या आहेत. देवनागरीला ही युक्ती उपयोगी पडते, पण पुरत नाही. शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार यांना जागा लागते, त्यामुळे बारीक अक्षरालाही सुमारे १६ ओळी हव्यात. रेघ दुप्पट जाड केली की अक्षराच्या पोटातली मोकळी जागा बुजते. म्हणून ठळक वळणाला २४ ओळींची जाळी घेणे श्रेयस्कर.

नवी मुंबईतील स्थानकांची नावे या वळणाची उत्तम परीक्षा घेतात. ‘तुर्भे’ या दोन अक्षरी नावात खाली उकार आहे आणि वर रफार व मात्रा एकाच अक्षरावर शेजारी येतात. शिवाय ‘भ’ची वरची गाठ मिटली की ‘म’ उरतो. ‘घणसोली’च्या ‘घ’च्या डोक्यावर शिरोरेघ अखंड हवी, ती तुटली की ‘ध’चा भास होतो. ‘खारघर’मध्ये ‘घ’बरोबर ‘ख’ही आहे, आणि त्याचे दोन भाग खाली जुळले नाहीत तर ‘रव’ वाचले जाते. एलईडीचा उजेड शेजारी पसरतो, त्यामुळे कागदावर पुरेशी वाटणारी एका ठिपक्याची फट फलाटावर दिसेनाशी होते. ‘पनवेल’ आणि ‘बेलापूर’ यांतला ‘ल’ पाकळीयुक्तच असावा. राज्य शासनाच्या २००९च्या निर्णयाने तोच मराठीसाठी प्रमाण मानला आहे. दंडयुक्त ‘ल’ कमी रुंदीत बसतो, पण जागा वाचते म्हणून मराठी अक्षर सोडून देणे योग्य नाही.

पडद्यासाठी देवनागरी घडवण्याच्या कामात र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांचे नाव अग्रभागी येते. विंडोजमधला ‘मंगल’ त्यांचाच. तो पिक्सेल फॉन्ट नाही, पण लहान आकारातही अक्षर ओळखू यावे ही काळजी दोन्हीकडे सारखीच आहे.

आजचे बहुतेक पिक्सेल फॉन्ट ठिपके बाह्यरेषांच्या रूपात साठवतात. जोडाक्षरे ओपनटाइपच्या नियमांनी जुळतात. २४ ओळींचा फॉन्ट पडद्यावर २४, ४८, ७२ अशा पटीतच वापरावा, मधल्या आकारात ठिपक्यांच्या कडा धूसर होतात. सलग मजकुरासाठी हे वळण घेऊ नये.