पोलर ताऱ्यांचा मूळपुरुष

शौरी तारकासमूहात एक मंद तारा आहे. त्याचे तेज कमीजास्त होते, हे जर्मनीच्या माक्स वोल्फ यांना 1923 मध्ये दिसले. ‘ए एम हर्क्युलिस’ या नावाने तो रूपविकारी ताऱ्यांच्या यादीत गेला आणि पुढची पन्नास वर्षे त्याची फारशी कोणी चौकशी केली नाही. आज तोच पोलर म्हटल्या जाणाऱ्या शंभराहून अधिक जोडताऱ्यांचा मूळपुरुष मानला जातो. त्याला हा मान मिळाला तो क्ष-किरणांमुळे.

ताऱ्यांचे क्ष-किरण पृथ्वीचे वातावरण गिळून टाकते, म्हणून उपकरण वर न्यावे लागते. रिकार्दो जाकोनी आणि सहकाऱ्यांनी 1962 मध्ये अग्निबाणातून सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण स्रोत टिपला. 12 डिसेंबर 1970 रोजी केनियाच्या किनाऱ्याजवळच्या समुद्री तळावरून ‘उहुरू’ उपग्रह उडाला. त्याने केलेल्या स्रोतांच्या यादीत ‘3यू 1809+50’ अशी एक नोंद होती, पण स्थान ढोबळ होते. त्याच परिसरात ए एम हर्क्युलिस आहे, हे बर्ग आणि डूथी या संशोधकांनी ताडले. एसएएस-3 उपग्रहाला तिथून कमी ऊर्जेचे, म्हणजे ‘मृदू’ क्ष-किरणही येताना आढळले.

निर्णायक पुरावा मात्र जमिनीवरच मिळाला. 1976 मध्ये अॅरिझोनात सांतियागो तापिया यांना या ताऱ्याचा प्रकाश ठळकपणे ध्रुवीकृत आढळला आणि हे ध्रुवीकरण सुमारे 3.1 तासांच्या आवर्तनाने बदलत होते. त्यामागे प्रचंड चुंबकीय क्षेत्रच असणार. तापियांचा अंदाज 20 कोटी गाउसचा होता. पुढच्या मोजमापांनी तो दीड कोटीच्या आसपास उतरवला. पृथ्वीचे क्षेत्र एक गाउससुद्धा भरत नाही, हे लक्षात घेतले तर उतरलेला आकडाही अफाटच आहे.

मग सगळा उलगडा झाला. ही लाल बटू आणि श्वेत बटू या दोन ताऱ्यांची जोडी आहे; लाल बटूचा वायू शेजारच्या श्वेत बटूकडे ओढला जातो. एरवी अशा वायूची श्वेत बटूभोवती तबकडी बनते. इथे चुंबकीय क्षेत्र ती बनूच देत नाही. वायू बलरेषांवरून सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने ध्रुवाजवळ कोसळतो. पृष्ठभागाच्या जरा वर त्याला आघात बसतो, तापमान दहा कोटी अंशांपलीकडे जाते आणि उच्च ऊर्जेचे ‘कठीण’ क्ष-किरण निघतात. खालचा पृष्ठभाग काही लाख अंशांपर्यंत तापून मृदू क्ष-किरण सोडतो. श्वेत बटूचे स्वतःभोवती फिरणे आणि जोडीचे परिभ्रमण जखडलेले असते, म्हणून दोन्हींना सारखाच वेळ लागतो.

क्षेत्र थोडे दुबळे असेल तर ही जखड सुटते. ते चुलत घराणे म्हणजे मध्यम पोलर. त्यातल्या ईएक्स हायड्रीचा श्वेत बटू 67 मिनिटांत स्वतःभोवती फिरतो, तर जोडीची फेरी 98 मिनिटांची आहे.

1990 मध्ये उडालेल्या रोसॅटने मृदू क्ष-किरणांत सारे आकाश धुंडाळले आणि पोलर ताऱ्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली. भारताचा अॅस्ट्रोसॅट 28 सप्टेंबर 2015 रोजी अवकाशात गेला. त्यावरची मृदू क्ष-किरण दुर्बीण आणि कठीण क्ष-किरण टिपणारे लॅक्सपीसी हे उपकरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडले. आघातात तापलेला वायू आणि त्याखालचा पृष्ठभाग या दोहोंचा हिशेब एकाच वेळी मांडायचा, तर अशी दोन्ही उपकरणे एकाच उपग्रहावर असणे सोयीचे ठरते.