गंज, पत्रा आणि मुंबईची फियाट

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात प्रारंभी ज्या अमेरिकन गाड्यांची जुळणी होत असे, त्यांना चासी, म्हणजे इंजिन, चाके व प्रवासी यांचा भार पेलणारा स्वतंत्र पोलादी सांगाडा होता. त्यामुळे वरचा पत्रा सडला तरी गाडी रस्त्यावर राहू शके. पुढे १९५४ पासून तेथेच तयार होऊ लागलेल्या फियाट ११०० या इटालियन गाडीला मात्र असा सांगाडा नव्हता. दाबयंत्रावर वळवलेले पातळ पत्रे एकमेकांना वेल्ड करून केलेली बॉडीच सारा भार वाहत असे, आणि म्हणून गंज हा दिसण्याचा प्रश्न न उरता गाडीच्या बळाचा प्रश्न झाला.

मुंबईची हवा या बांधणीला विशेष प्रतिकूल होती. लोखंड, पाणी व प्राणवायू यांच्या संयोगातून होणारी गंजाची क्रिया समुद्राकाठच्या क्षारांमुळे वेग घेते, शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापत असल्याने रंगाला फुगे येतात. ते दिसेपर्यंत पत्रा आतून बहुधा गेलेला असतो. दारांचे तळ, पायाखालची जमीन आणि दारांखालून जाणारी सिल ही पोकळ पेटी, जेथे चिखल साचून ओल वाळत नाही, ती ठिकाणे प्रथम सडत.

सिल बदलणे हे डेंटरच्या, म्हणजे पत्राकाम करणाऱ्या कारागिराच्या, कसोटीचे काम होय. सडका भाग कापताच बॉडी खचण्याचा धोका असल्यामुळे आधी दाराच्या चौकटीत आधाराच्या पट्ट्या बसवाव्या लागतात; मग पुठ्ठ्यावर आकार उतरवून नवा पत्रा कापला जातो, आणि त्याची गोलाई हातोडी व डॉली, म्हणजे मागून धरायचा ओतीव लोखंडाचा ठोकळा, यांच्यामध्ये ठोकून काढली जाते. सलग वेल्डिंग केल्यास उष्णतेने पातळ पत्रा पिळतो, म्हणून अंतराअंतराने टाके मारतात. उरलेली असमानता लांबी, म्हणजे भरावाचा लेप, झाकते. ती सढळ हाताने वापरणारा कारागीर खरे तर पत्राकाम टाळतच असतो.

ही विद्या टिकली त्यामागे अर्थकारणही होते. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी लागे, त्यामुळे जुनी गाडी मोडीत काढणे परवडत नसे. त्यातच १९६४ ची ११०० डी हीच किरकोळ फेरफारांसह १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी म्हणून विकली गेली व शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिली, तेव्हा एकदा हातात बसलेली गोलाई कारागिराला जन्मभर पुरली.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘विंटेज’ नोंदणीसाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी वा बॉडीत मोठा फेरफार न झालेली असावी लागते. किनाऱ्यावर पन्नास पावसाळे काढलेल्या फियाटच्या सिलचा पत्रा मात्र क्वचितच कारखान्यातला असतो, आणि मूळ आकाराबरहुकूम घडवलेल्या अशा पत्र्याला फेरफार म्हणणे रास्त ठरणार नाही.