घटका भरली

सौंदडात माझ्या टेबलावरच्या संगणकात एक साधं टायमर आहे. पडद्याच्या कोपऱ्यात आकडे उलटे सरकतात, पंचवीस मिनिटांनी टिंग वाजतं. तोवर मी उठायचं नाही, फोनला हात लावायचा नाही. ही रीत फ्रान्सेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने 1980 च्या दशकाअखेर टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या टायमरवर बसवली. म्हणून नाव पोमोडोरो, म्हणजे टोमॅटो.

मला मात्र घटिकापात्र आठवतं. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्याने भरलेल्या घंगाळात तरंगत सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटं! दिवसरात्रीत अशा साठ घटका, घटकेत साठ पळं. लग्नाचा मुहूर्त यावरच साधायचे. वाटीवर डोळा ठेवून बसणाऱ्याला दुसरं काम करता येत नसे, एवढाच काय तो माझ्या टायमरशी फरक. ‘त्याची घटका भरली’ हे आपण आजही म्हणतो. वाटी मात्र विसरलो.

पुढे वेळ रेल्वेच्या हाती गेली. 1906 पूर्वी रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले. मद्रास आणि आमचं गाव जवळजवळ एकाच रेखावृत्तावर, म्हणजे ती वेळ आमच्या सूर्याला धरूनच होती. मग प्रमाणवेळ आली आणि घड्याळ सूर्याच्या नऊ-दहा मिनिटं पुढे गेलं. रोवण्याला निघणाऱ्या बायांना त्याचं काही नव्हतं. त्या उजेड बघून बांधीत उतरायच्या.

टिंग वाजलं. चहा ठेवतो.