वही पेढीची, दुकान मालकाचं

माझे वडील अमरावतीच्या कापूस बाजारात एका अडत दुकानाचे मुनीम होते. खाली पेढी, वर मालकांचं घर, मधे लाकडी जिना. गल्ला एकच. सकाळी दूधवाल्याचे पैसे त्यातूनच जात, दुपारी हमालीही त्यातूनच सुटे, आणि संध्याकाळी मालकांचं धाकटं पोरगं वह्या-पेन्सिलींसाठी हात पसरत येई तेही त्याच गल्ल्याशी. वडिलांच्या रोजमेळात मात्र हे खर्च एकमेकांना भेटत नसत. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. हमाली मालावर, दूध नि पेन्सिल घरखर्च खात्यावर. दिवाळीआधी गाद्या भरायच्या निघाल्या की वरून निरोप येई. दुकानात नमुन्याची रुई साचलेली असे. वडील ती तोलत आणि त्या दिवसाच्या भावाने घराला नावे टाकत. मालक कुरकुरत, "मुनीमजी, माह्याच दुकानातली रुई मलेच इकता काय?" वडिलांचं उत्तर ठरलेलं होतं: "दुकान तुमचं हाय मालक, वही पेढीची हाय."

मी अकोल्यात कर सल्लागार म्हणून काम करतो. टिळक रोडवरची, कापड बाजारातली तरुण मंडळी जीएसटीचे कागद घेऊन येतात आणि उठता उठता विचारतात, "काका, दुकानाचं व्हॉट्सअ‍ॅप वेगळं करू का? इन्स्टाचं अकाउंट घरचं वेगळं अन् धंद्याचं वेगळं ठेवू का?" प्रश्न मोबाइलचा वाटतो, पण वऱ्हाडात तो निदान दीडशे वर्षं चाललेला आहे. एवढ्या काळात घर आणि दुकान वेगळं करायची हौस व्यापाऱ्याला फारशी कधी नव्हती. वहीत डोकवायचा हक्क तिसऱ्याच कुणाला मिळाला, की खातं फुटायचं.

पहिला तिसरा म्हणजे दूरचा मालक. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. पुढे खामगाव आणि अमरावतीलाही फाटे निघाले. रुळांबरोबर तार आली, मुंबईचे भाव आले, रॅली आणि व्होल्कार्टसारख्या परदेशी कंपन्यांचे खरेदीदार आले. त्यांच्या आगेमागे मारवाडी, गुजराती, कच्छी पेढ्या बाजारात बसल्या. यातल्या कितीतरी पेढ्यांचे धनी मुंबईत, हैदराबादेत नाहीतर थेट मारवाडात असत. इथे गादीवर बसे तो मुनीम किंवा गुमास्ता. त्याचं जेवणखाण पेढीवर, मुक्काम पेढीवर. स्वतःच्या हिशेबाने त्याने चार गाठी घेतल्या तर नफा त्याचा आणि तोटा पेढीचा व्हायला वेळ लागत नसे. म्हणून त्याच्या नावाचं खातं वेगळं, उचल वेगळी, आणि वहीची नक्कल धन्याकडे. घर आणि धंदा यांच्यातली रेघ वऱ्हाडच्या बाजारात प्रथम पक्की झाली ती अशी, नोकरावर नजर ठेवण्यासाठी.

दुसरा तिसरा म्हणजे बाजार. कारंज्याचा कापूस बाजार १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने नियंत्रणाखाली आला. देशातला तो पहिला. १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. बाजार समिती आली, दलाल-मापाऱ्यांना परवाने आले. आज महाराष्ट्रभर ज्या बाजार समित्या दिसतात त्यांची वंशावळ इथवर पोचते. त्यापूर्वी शेतकऱ्याच्या पट्टीतून काय काय कापलं जाई याला धरबंध नव्हता: अडत, दलाली, तोलाई, हमाली आणि धर्मादाय.

या धर्मादायापाशी जरा थांबायला हवं, कारण घर आणि दुकान यांच्या जोडीला इथे एक तिसरं खातं दिसतं. गाडीमागे किंवा शेकड्यामागे काही पैसे गोरक्षण, धर्मशाळा, पाणपोई यांच्या नावाने कापत. अकोल्यात आजही एका मोठ्या रस्त्याचं नाव गोरक्षण रोड आहे. हा पैसा व्यापाऱ्याच्या हातात येई, पण तो त्याचा नसे. निदान नसावा. प्रामाणिक पेढीवर धर्मादाय खातं पहिल्या दिवसापासून वेगळं, आणि त्याला मालकाने हात लावायचा नाही. हा पैसा व्यापाऱ्याचं उत्पन्न धरायचा की नाही, यावरून उत्तर प्रदेशातल्या बिजली कॉटन मिल्सचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. गिऱ्हाइकाकडून घेतानाच तो दानासाठी म्हणून घेतला आणि तसाच वेगळा ठेवला, तेव्हा ते व्यापाराचं उत्पन्न नव्हे, असा निकाल १९७० च्या दशकाच्या अखेरीस लागला. वेगळं खातं नसतं तर हा युक्तिवाद उभाच राहिला नसता. माझ्या वडिलांना हा निकाल मी वाचून दाखवला होता. ते म्हणाले, "यात नवीन काय हाय?"

तिसरा आणि सगळ्यांत कडक तिसरा म्हणजे कोर्ट. १८७२ च्या पुरावा कायद्याचं ३४ वं कलम जुन्या मुनिमांना तोंडपाठ असे. धंद्याच्या ओघात नेमाने लिहिलेली वही पुराव्यात चालते, पण नुसत्या वहीवरून कुणाच्या माथी देणं मारता येत नाही, हा त्याचा मथितार्थ. 'नेमाने' या अटीवर दावे अडत. घरच्या लग्नाचा खर्च मालाच्या खात्यात घुसलेला सापडला की समोरचा वकील सगळ्या वहीवरच बोट ठेवी. पुढे १९३४ च्या सावकारी कायद्याने मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या सावकाराला प्रत्येक कुळाचं खातं वेगळं ठेवायला आणि दरवर्षी त्याचा उतारा कुळाच्या हाती द्यायला लावलं. १९२९ नंतर कापसाचे भाव कोसळून शेतकरी बुडाला होता. कुणाचं देणं किती हे सावकाराच्या पोटात राहू देणं परवडणारं नव्हतं.

एकत्र कुटुंबाचं घोंगडं याहून जुनं. चार भाऊ, एक चूल, एक पेढी. मग एकाने घेतलेलं शेत त्याचं की सगळ्यांचं? कुटुंबाच्या पैशाने वकील झालेल्या मुलाची कमाई कुणाची? त्यासाठी १९३० साली खास कायदा करून विद्येची कमाई ज्याची त्याची असं ठरवावं लागलं. प्राप्तिकराने तर १९२२ च्या कायद्यातच व्यक्ती वेगळी आणि हिंदू एकत्र कुटुंब वेगळं धरलं. आजही माझ्याकडे अशी माणसं येतात ज्यांच्या खिशात दोन पॅन कार्डं असतात, एक स्वतःचं आणि एक कुटुंबाचा कर्ता म्हणून. एकाच माणसाने दोन नावांनी वागायचं असतं, हे त्यांना शिकवावं लागत नाही.

हिशेबाची वही अशी सोवळ्यात राहिली, तरी पत्रव्यवहार कधीच सोवळ्यात नव्हता. पेढीचं पत्र 'श्री'ने सुरू होई, मग वडीलधाऱ्यांना नमस्कार, इकडील कुशल, आणि त्यानंतर कापसाचा भाव. शेवटी पुन्हा कुणाच्या मुलीची सोयरीक, कुणाचं दुखणं. १८७९ मध्ये पोस्टकार्ड निघालं तेव्हा हे सगळं उघड्यावर, एका कार्डात मावू लागलं. भाव तेवढाच कळवायचा म्हटलं असतं तर दोन ओळी पुरल्या असत्या. पण समोरच्याला माल उधार द्यायचा, तर त्याच्या घरी काय चाललंय हे कळायला नको? मुलीचं लग्न निघालंय म्हणजे पैसा अडकणार, हे अडत्या भावाच्या ओळीआधी वाचून घेई. वही वेगळेपणाने चाले, पत चाले ती ओळखीने.

तारेने मात्र पेढीला स्वतःचं नाव दिलं. तारखात्यात नोंदवलेला एका शब्दाचा पत्ता मोठ्या पेढ्यांच्या लेटरहेडवर छापलेला असे: 'तार:' आणि पुढे देवाचं, गावाचं किंवा मालाचं नाव. त्या शब्दावर आलेली तार मालकाला नव्हे, पेढीला आलेली असे. मालक गेला, मुलगा गादीवर बसला, तरी शब्द तोच. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली तोवर कितीतरी बिलबुकांवर ते शब्द तसेच छापलेले होते.

टेलिफोन आला तेव्हा बिलावर दोन आकडे आले: 'फोन: दुकान' आणि 'घर'. परवडत नसेल त्याने खालून वर पॅरलल लाइन घेतली. मग वर मालकीणबाई माहेरच्यांशी बोलत असायच्या आणि खाली मुंबईचा भाव यायचा खोळंबा. याच काळात बाजारही हलला. १९७२ पासून राज्य सरकारची कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि कापूस अडत्याच्या दारातून उठून सरकारी केंद्रावर गेला. वडिलांचं दुकान तूर, मूग, ज्वारीवर आलं. १९८९ पासून प्राप्तिकराने सगळ्यांचं वर्ष ३१ मार्चला संपवलं. लक्ष्मीपूजनाची लाल वही तेव्हापासून पूजेपुरती उरली. स्वस्तिक, 'शुभ-लाभ', एक पान श्री, बाकी कोरी. खरा हिशेब संगणकात गेला. तिथेही मालकाने घरासाठी उचललेले पैसे वेगळ्या खात्यातच पडतात, हे पाहून वडिलांना बरं वाटलं होतं.

मोबाइलने जिना काढून टाकला. घराचा आणि दुकानाचा नंबर एकच, तोच आधारला जोडलेला, बँकेचा ओटीपी त्यावरच, मामेभावांचा ग्रुप त्यावरच आणि गिऱ्हाइकांच्या ऑर्डरीही त्यावरच. २०१८ च्या जानेवारीत व्हॉट्सअ‍ॅपने धंद्यासाठी वेगळं अ‍ॅप काढलं. त्यात मालाचा कॅटलॉग आहे, दुकानाची वेळ आहे, आणि 'पैसे बाकी' अशी चिठ्ठी गिऱ्हाइकाच्या नावाला चिकटवायची सोय आहे. उधारीची खतावणीच म्हणा. पण ते घेतलं कुणी? बहुतेकांचं म्हणणं, "आपला नंबर सगळ्याइले पाठ हाय, बदलवायचा काहून?"

काहून, ते दोन भावांनी दाखवून दिलं. साड्यांचं दुकान वडिलोपार्जित, वाटणीत धाकट्याकडे आलं. नाव, जागा, माल, येणी, पागडी, सगळं स्टॅम्प पेपरवर उतरलं. पण वर्षानुवर्षं ज्या नंबरवर गिऱ्हाइकं "नवीन माल आला का?" विचारत तो थोरल्याचा होता. त्याने दुसरीकडे दुकान काढलं, आणि विचारणा त्याच्याकडेच येत राहिली. नंबर देऊन टाक म्हणावं, तर त्याला आधार आणि बँक बांधलेली. फेसबुकचं पेजही थोरल्याच्याच प्रोफाइलमधून चाललेलं. धाकटा माझ्यासमोर बसून म्हणाला, "काका, दुकान मले भेटलं अन् गिऱ्हाईक त्याले." तारेचा पत्ता पेढीच्या नावावर असण्याची किंमत मला त्या दिवशी नीट कळली.

सगळंच कापून वेगळं करा, असंही मी सांगत नाही. अमरावतीच्या एक ताई नांदगाव पेठच्या घाऊक बाजारातून ड्रेस मटेरियल आणतात आणि स्टेटसवर विकतात. त्याच स्टेटसवर मुलीच्या गॅदरिंगचे फोटो असतात, महालक्ष्म्यांची आरास असते. मी वेगळा नंबर सुचवला तर म्हणाल्या, "घरचं पाहूनच तर बाया इश्वासानं घेतात." त्यांचं खरं आहे, भावाच्या ओळीआधी कुशल लिहिणाऱ्या पेढ्या हेच करत होत्या. त्यांना मी एवढंच करायला लावलं की पैशाचा क्यूआर वेगळ्या खात्याचा काढा. २०२५ मध्ये कर्नाटकात छोट्या दुकानदारांना यूपीआयची जमा पाहून जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा विक्री कुठली आणि नातेवाइकांनी दिलेले उसने पैसे कुठले, हे सांगता सांगता त्यांची पुरेवाट झाली. जमा एकाच खात्यात होती. पाहणाऱ्या तिसऱ्याला आता बाजारात यावं लागत नाही. तो खुर्चीवरून पाहतो.

म्हणून विचारायला येणाऱ्यांना मी उलट विचारतो: उद्या यात डोकवायचा हक्क कुणाला आहे? भागीदाराला, भावाला, कर खात्याला, कोर्टाला? ज्यात आहे ते वेगळं करा. ज्यात नाही, तिथे खुशाल आरती आणि ऑफर एकत्र टाका. आणि भागीदारीच्या करारात मी आता एक कलम घालतोच: दुकानाचा मोबाइल नंबर, क्यूआर, पेज आणि त्यांचे पासवर्ड ही पेढीची मालमत्ता, कुणा भागीदाराची नव्हे, भागीदार निघाला तर ती मागे राहील. परवा डाळ मिलच्या एका तरुण भागीदाराने हे कलम दोनदा वाचलं आणि विचारलं, "म्हंजे बायकोचा फोन त्या नंबरवर आला तर?" मी म्हटलं, घ्या की, फक्त घरखर्चाला नावे टाका.