वाढे तोडणाऱ्याचे, पाचट कुणाचे?

दौंड-शिरूरच्या उसाच्या फडात हंगामात रोज एक व्यवहार होतो, पण कारखान्याच्या काट्यावर त्याची नोंद नसते. ऊसतोड टोळीतली बाई उसाचे हिरवे शेंडे बाजूला काढून पेंढ्या बांधते. म्हशीवाला येतो, एक पेंढी हातात उचलून वजन अजमावतो, थोडी घासाघीस करतो आणि भारा मोटारसायकलला आवळून निघून जातो. हे वाढे. ऊस शेतकऱ्याचा, साखर कारखान्याची, वाढे मात्र तोडणाऱ्याचे, असा रिवाज. गोठ्यापुरते भारे मालकालाही हवे असतात, तेव्हा कुरबुर होतेच. दुष्काळात तर याच शेंड्यांना सोन्याचा भाव.

उसाच्या वाळलेल्या पाल्याची, म्हणजे पाचटाची, गोष्ट जरा मागून सांगावी लागते. ऊस इकडे पाण्यामागून आला. खडकवासला धरण 1879 मध्ये पुरे झाले आणि मुठा उजव्या कालव्याचे पाणी पाटसकडे, म्हणजे तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात पोचले. शिरूरला घोड आणि चासकमान धरणांचे पाणी त्यानंतर बऱ्याच काळाने मिळाले.

गुऱ्हाळांच्या काळात फड साफ करायचा वेगळा धंदा नव्हता. उरतच काही नसे. चिपाडे अंगणात वाळत, त्यांच्यासोबत पाचटही चुलवणात जाई आणि वर काहिलीत रस उकळे. तोडकऱ्यांच्या कोप्याही पाचटानेच शाकारलेल्या असत. पुढे पाटसला भीमा आणि न्हावऱ्याला घोडगंगा कारखाना उभा राहिला. चिपाडे उसाबरोबर बॉयलरकडे गेली, पाचट शेतात राहिले. हेक्टरी आठ-दहा टनांचा हा पसारा उचलणार कोण? काडी ओढणे सगळ्यांत स्वस्त पडले. तासाभरात रान काळे, खोडव्याला पाणी द्यायला मोकळे.

गंमत म्हणजे, जी गुऱ्हाळे टिकली त्यांतल्या काहींच्या चुलवणात बाहेरून आणलेले टायर आणि प्लास्टिक जळत असल्याच्या तक्रारी दौंड तालुक्यात झाल्या. शेतातला कचरा शेतात जळायचा आणि शहरातला गुळाखाली!

पाचट जाळू नये, असा कृषी खात्याचा सल्ला आहे: बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट सरीत दाबायचे, हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सुपर फॉस्फेट आणि 10 किलो जिवाणू संवर्धक टाकायचे. काही ठिकाणी ट्रॅक्टरमागचे यंत्र पाचटाचे गठ्ठे बांधून देते आणि ते बॉयलरकडे जातात. वाढ्यांचा हक्क रिवाजाने ठरला होता. या गठ्ठ्यांचे पैसे कुणाचे, ते अजून बांधावर बोलूनच ठरवावे लागते.